दिनचर्या : केवळ बालकाची नव्हे, घराची

बालकाचे अग्निमांद्य वा अनिद्रा यांची तक्रार घेऊन पालक येतात, तेव्हा वैद्य औषधाबरोबर दिनचर्याही सांगतो. परंतु ती एकट्या बालकासाठी सांगितली, तर क्वचितच पाळली जाते.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, दुसऱ्या अध्यायात, नित्य अभ्यंग सांगून शिर, कर्ण व पाद यांवर विशेष भर दिला आहे. आठवड्यातून एकदा तरी माता वा पित्याने बालकास कोमट तीळतेलाने अभ्यंग करावा. नंतर बालकाने त्यांच्या तळपायांस तेल चोळावे. सेवा घेणारा सेवा देऊ लागला, की आज्ञेचे रूपांतर सहवासात होते. कफविकार, अजीर्ण व शोधनोत्तर काळी अभ्यंग वर्ज्य समजावा.

त्याच अध्यायात बालकास व्यायामाचा निषेध आहे. म्हणून वाईच्या गणपती घाटावर किंवा मेणवलीस कृष्णाकाठी फिरताना गती बालकाची असावी, पालकाची नव्हे. बालकास भय दाखवू नये, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानातही (अध्याय ८) बजावले आहे. तेव्हा वाटेत परीक्षेचा धाक नको.

वैद्यबंधुभगिनींनी औषधपत्रावर बालकाच्या पथ्याखाली पालकांचेही पथ्य अवश्य लिहावे.