बोर्डो मिश्रण व रासायनिक क्रियांचे चार प्रकार

रसायनशास्त्र म्हणजे शाळेंतील काचेच्या नळ्यांचा खेळ, शिवाराशीं त्याचा संबंध नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आमच्या सायखेड्याच्या गोदाकांठीं व एकंदर निफाड तालुक्यांत द्राक्षबागाइतदार जें बोर्डो मिश्रण वापरतो, त्यांत रासायनिक क्रियेचे चार मुख्य प्रकार आढळतात. ते ओळखतां आल्यास बागेचें नुकसान टळतें.

पहिला प्रकार अपघटन. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे एका पदार्थाचे दोन होतात. कर्बाम्ल वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. दुसरा संयोग. कळीवर पाणी घातलें असतां दोहोंचा मिळून एकच पदार्थ, विरलेला चुना, बनतो व भांडें तापतें. तिसरा दुहेरी विस्थापन. मोरचुदाचें पाणी चुन्याच्या दुधांत मिसळलें कीं दोन्ही पदार्थ आपापले घटक बदलून घेतात. तांब्याचा निळा साका व जिप्सम तयार होतें. हा साकाच पानास चिकटून केवड्यापासून वेलीचें रक्षण करतो. फ्रान्सांतील बोर्डोकडे मिलार्दे यांनीं हा गुण १८८२ सालीं हेरला व १८८५ सालीं प्रसिद्ध केला.

चौथा प्रकार साधें विस्थापन. परीक्षेस उपयोग याचाच. एक टक्का मिश्रणासाठीं १ किलो मोरचूद व १ किलो चुना प्रत्येकीं ५० लिटर पाण्यांत, प्लॅस्टिकच्या निरनिराळ्या भांड्यांत कालवून मग एकत्र करतात. परंतु वजन बरोबर म्हणजे मिश्रण बरोबर, असें नव्हे. उघडा पडलेला जुना चुना हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून पुन्हां चुनखडीच्या जातीचा होतो. त्याचें बळ कमी पडून कांहीं मोरचूद मोकळें राहतें व कोवळीं पानें करपतात. महसुली दप्तरांत मागणी व वसूल यांचीं सदरें निरनिराळीं असतात; मागणी लिहिली म्हणून वसूल झाला असें होत नाहीं. तसेंच हें.

म्हणून घासून लख्ख केलेला लोखंडी विळा मिश्रणांत कांहीं वेळ बुडवावा. मोरचूद मोकळें असल्यास लोखंड द्रावणांत उतरतें व तांबें विळ्यावर बसतें. असा तांबूस लेप दिसल्यास चुन्याचें दूध थोडथोडें घालून, विळा घासून, पुन्हां परीक्षा करावी. लेप धरेनासा झाला म्हणजे मिश्रण योग्य समजावें व त्याच दिवशीं फवारावें. लोखंडी भांडें याच कारणास्तव वर्ज्य होय.