स्तनाचा कर्करोग : गाठ लपवू नका



आपल्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. लवकर सापडला तर हा रोग बरा होऊ शकतो. तरीही अनेक भगिनी तो बळावल्यावरच दवाखान्यात जातात. याची दोन कारणे आम्हांला दिसतात. एक म्हणजे सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. निंदण-खुरपण, कापूसवेचणी आणि घरकाम यांच्या रगाड्यात न दुखणाऱ्या गाठीकडे लक्ष जात नाही. दुसरे कारण लाज.

मोझरी ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची कर्मभूमी. ग्रामगीतेत त्यांनी ग्रामआरोग्य आणि महिलोन्नती यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. १९६८ साली महाराजांचे निधन कर्करोगानेच झाले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. अशा गावात तरी या रोगाचे नाव घ्यायला कोणी लाजू नये.

लक्षणे कोणती ?
स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, कातडीवर खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी साध्या असतात. पण ते तपासणीनेच ठरते, अंदाजाने नव्हे. हा रोग संसर्गाने पसरत नाही. सुईने गाठीचा नमुना घेतल्याने रोग पसरतो, हाही गैरसमजच आहे.

तपासणीने काय साधते ?
मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही. महागडे यंत्र नसतानाही जीव वाचू शकतात, हा या अभ्यासाचा धडा आहे.

आपण काय करावे ?
शासनाच्या कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांची स्तनतपासणी होते. त्यासाठी आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारावे. आपल्या शरीरात झालेला बदल ओळखावा. पण घरी पाहिले म्हणून आरोग्यसेविकेची तपासणी टाळू नये. गाठ लागताच लेप, झाडपाला, अंगारा यांत दिवस घालवू नयेत. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो.

विद्यार्थ्यांनी हा लेख घरी आईला, आजीला वाचून दाखवावा. पुरुषांनीही मजुरीचा एक दिवस बुडाला तरी चालेल, पण घरच्या बाईला तपासणीला न्यावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.