बाजारदिवसाचे पाळणाघर : नियम आणि जबाबदारी

खर्ड्यासारख्या बाजाराच्या गावात बांगड्या, भाजी, कापड विकणाऱ्या भगिनींची तान्ही मुले दुकानाच्या फळीखाली किंवा गाठोड्यांच्या आडोशाला झोपलेली दिसतात. शिलाईकाम चालणाऱ्या घरात मूल मशीनच्या पायाशीच रांगते. एखाद्या भगिनीने चार-पाच तासांसाठी अशी मुले मोबदला घेऊन सांभाळली, तर तो हलाल रोजगार आहे आणि बाजाराची गरजही भागते. मात्र त्यासाठी परवाना कोणता लागतो व जबाबदारी कोणती येते, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी आधी समजून घ्यावे.

परवान्याचा प्रश्न

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळे उघडकीस आली. खाजगी पाळणाघरांसाठी राज्यात स्वतंत्र परवाना-कायदा नाही, ही गोष्ट तेव्हा सर्वांच्या नजरेस आली. पुढे २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी किमान निकष प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. म्हणजे बारा मुलांना बारा बाय बाराची खोली हवी. घरगुती पाळणाघरानेही हेच माप धरावे.

सुरुवात करण्यापूर्वी जामखेडच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून सध्या कोणती नोंदणी लागते ते विचारावे व पोच घ्यावी. आया पगारी ठेवल्यास दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खालील सूचना किंवा नोंदणी पाहावी. खाऊ शिजवून देणार असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करावी. जागेचा ग्रामपंचायतीचा उतारा किंवा भाडेकरार जवळ ठेवावा. "परवाना काढून देतो" म्हणणाऱ्या दलालाला आधी कायद्याचे व कार्यालयाचे नाव लेखी मागावे, मगच पुढचे बोलावे.

मालकाचे कर्तव्य

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ दिले पाहिजे, असे ती सांगते. अनेक आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालविण्यासही तीत मुभा आहे. आमच्या बहुतेक दुकानांत पाच-सात माणसेच असतात, त्यामुळे ही सक्ती त्यांना लागत नाही. तरीही मिळून चालविण्याची युक्ती घेण्यासारखी आहे. एका ओळीतील दहा दुकानदारांनी खोलीचे भाडे वाटून घेतले, तर कुणाच्याच खिशाला जड जाणार नाही.

वेळ कमी, जबाबदारी पूर्ण

"दोन तासांचे तर काम" ही समजूत घातक आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ मध्ये मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याला जबाबदार धरले आहे. तासांची सूट नाही. मुलाला मारहाण करणे, त्याला टाकून देणे किंवा त्रास होईल अशी जाणूनबुजून हेळसांड करणे हा गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुले सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोकराने वा चालकाने तो केल्यास सक्तमजुरी पाच वर्षांपर्यंत व दंड पाच लाखांपर्यंत जातो.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही अब्रूच्या भीतीने झाकून ठेवणे हाही २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. पोलिसांना कळवावेच लागते. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ खोलीत मोठ्या अक्षरांत लावावा.

आणखी एक चूक सर्रास होते. मुले सांभाळायला शेजारची दहा-बारा वर्षांची मुलगी कामावर ठेवली जाते. १४ वर्षांखालील मुलाला असे कामाला ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्या मुलीची शाळाही बुडते.

रोजचे नियम

१. मूल सोडण्याची व नेण्याची वेळ वहीत लिहून सही किंवा अंगठा घ्यावा.
२. मूल कोण नेणार, त्याचे नाव व फोन आधीच लिहावे. दुसऱ्या कुणाच्या हाती मूल देऊ नये, ओळखीचा असला तरी.
३. ताप, अपस्मार, न सोसणारे पदार्थ यांची माहिती घ्यावी. आईने सांगितल्याशिवाय औषध देऊ नये.
४. सरकारच्या पाळणा योजनेत २५ मुलांपर्यंत एक सेविका व एक मदतनीस असते. त्याहून कमी माणसांत मुले घेऊ नयेत.
५. खोली तळमजल्यावर असावी. पाण्याचा हौद, चूल, उघडी वायर, शिलाईच्या सुया व कात्र्या मुलांच्या आवाक्याबाहेर असाव्यात.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने दिली आहे. शंभर रुपयांची उधारी आपण वहीत मांडतो, मग चार तासांसाठी सोपविलेले मूल, जी सर्वांत मोठी अमानत, ती तोंडी कशी चालेल? पाळणाघर सुरू करू इच्छिणाऱ्या भगिनींनी पहिली खरेदी खेळण्यांची न करता एका जाड वहीची करावी, असे आम्ही सुचवितो. वही चोख राहिली तर आयांचा विश्वास बसेल आणि धंद्यात बरकतही येईल, इन्शाअल्लाह.