हौशी बिनतारी परवाना : परीक्षेची पूर्वतयारी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई परिसरातील दूरध्वनी-भ्रमणध्वनींची सेवा कोलमडली. त्यापूर्वी सातच महिने, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला. त्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे हौशी बिनतारी केंद्र चालविण्यास गेलेल्या चमूने खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले. ही विद्या संकटाच्या दिवशी शिकता येत नाही. वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावातील तरुणांनी म्हणूनच तिची तयारी आधी करावी.

संदेश प्रक्षेपित करण्यास परवाना लागतो. त्यासाठीची परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभागाचा बिनतारी नियोजन व समन्वय कक्ष घेतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्यांना तीस बसता येते. मर्यादित व सर्वसाधारण अशा दोन श्रेणी असून दोहोंत रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम हे विषय असतात. सर्वसाधारण श्रेणीस मोर्स लिपीचीही चाचणी असते. अर्जापूर्वी प्रचलित नियम अवश्य पाहावेत.

मूलतत्त्वे घोकू नयेत, समजून घ्यावीत. तीनशे या संख्येस मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले असता तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे ४२ मीटर येते. म्हणून अर्धतरंग आकाशतारेची लांबी सुमारे २० मीटर ठेवतात. १४५ मेगाहर्ट्झचे तरंग बहुधा सरळ जातात, त्यांना डोंगर अडवितो. ७ मेगाहर्ट्झचे तरंग मात्र आयनांबरावरून परतून डोंगरापलीकडे उतरू शकतात. एवढे उमगले की कोणत्या वेळी कोणता पट्टा निवडावा, हे आपोआप कळते.

मोर्स लिपी कागदावरील टिंबे-रेघांनी नव्हे, कानाने शिकावी. मिनिटाला आठ शब्दांचा वेग म्हणजे पाच मिनिटांत दोनशे अक्षरे. रोज वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा केलेल्या दीर्घ सरावाहून फलदायी ठरतो.

नियमांचा अभ्यास दुय्यम मानू नये. व्यापारी संदेश वर्ज्य आहेत, नोंदवही ठेवावी लागते आणि संकटसंदेशास सर्वांआधी वाट द्यावी लागते. परवानाधारक चालकाच्या केंद्रावर काही संध्याकाळी बसून ऐकावे. बोलण्यापूर्वी ऐकणे हा या छंदाचा पहिला पाठ आहे. परीक्षेचे गुण कागदावर राहतात. ऐकण्याची सवय मात्र पुराच्या रात्री कामी येते.