हाडाला ओळखीचा वाटणारा लेप

बेळगावकरांना धातू नवा नाही. उद्यमबागेतल्या फौंड्र्या सगळ्यांना माहीत आहेत. सिरॅमिकही नवं नाही. खानापूरचे माठ आणि कौलं आपल्या घरोघरी असतात. रसायनशास्त्र शिकताना या दोन्ही गोष्टी मला एकाच वस्तूत भेटल्या. ती वस्तू म्हणजे झिजलेल्या खुब्यात बसवायचं इम्प्लांट.

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. निव्वळ सिरॅमिकचा दांडा केला तर तो माठासारखा तडकेल. म्हणून दांडा धातूचाच हवा, बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशांवर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियमला हाड घट्ट धरतं. पण हे व्हायला वेळ लागतो. तोवर दांडा हलत राहिला, तर मध्ये हाडाऐवजी मऊ तंतूंचा पडदा तयार होतो आणि इम्प्लांट सैल होतं.

इथे लेप कामी येतो. आपल्या हाडाचा वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश भाग खनिज असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. त्याच्या अगदी जवळचा पदार्थ म्हणजे हायड्रॉक्सीॲपटाइट. त्याचा लेप शरीरात किंचित विरघळतो, त्यातून निघालेलं कॅल्शियम-फॉस्फेट पृष्ठभागावर पुन्हा जमतं, आणि हाडाच्या पेशी तिथे बस्तान मांडतात. अमेरिकेत लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये हाडाला चिकटणारी काच बनवली, तिथून या ‘जैवसक्रिय’ पदार्थांच्या अभ्यासाला जोर आला. लेप दिलेले खुबे 1980 च्या दशकात वापरात आले.

लेप कसा देतात? कल्हई आठवा. कल्हईवाला आधी भांडं घासून-तापवून घेतो, मगच कथील धरतं. इथेही धातूवर ॲल्युमिनाच्या कणांचा मारा करून तो खरबरीत करतात. मग दहा हजार अंशांहून तप्त प्लाझ्मातून पावडर फवारतात. कण वितळून धातूवर आपटतात आणि लगेच गोठतात. थर जेमतेम एक-दोन केसांच्या जाडीचा. तो जाड झाला तर सुटून येण्याची भीती असते. फार झटपट गोठला, तर स्फटिक नीट बनत नाहीत आणि लेप लवकर विरघळतो.

लेपाचं इम्प्लांट म्हणजे सगळ्यांत चांगलं, असं मात्र समजू नका. वय जास्त, हाड ठिसूळ असेल तर डॉक्टर बऱ्याचदा हाडाचं सिमेंट वापरतात, आणि ते योग्यच असतं. लेप जंतुसंसर्ग थांबवत नाही. तो हाडाला फक्त बोलावतो, यायचं हाडानेच.

म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं तर तीन गोष्टी विचारा: सिमेंट की लेप? पायावर भार कधी टाकायचा? आणि इम्प्लांटचं स्टिकर कागदपत्रांत लावलंय का? पुढे काही झालं तर त्या स्टिकरवरूनच नेमकं काय बसवलंय ते कळतं. चौथी गोष्ट निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात सांगायलाच हवी. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं हाड उशिरा भरतं. लेप कितीही भारी असो, तो धुरावर उपाय नाही.