गोलंदाज सुभाष गुप्ते

सावदा, फैजपूर, यावल या भागात आज केळीच्या बागा दूरवर पसरलेल्या दिसतात. परंतु एके काळी खानदेशाचे नाव सातासमुद्रापलीकडे पोहोचले, ते कापसामुळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायर परगण्यातील गिरण्यांसाठी खानदेशातील कापसाच्या गाठी मुंबईमार्गे रवाना होऊ लागल्या. त्याच लँकेशायरमध्ये रिश्टन नावाचे एक लहानसे गिरणगाव आहे. पुढे नव्वद वर्षांनी या गावाने मुंबईहून एका मराठी तरुणाला सन्मानाने बोलावून घेतले. त्या तरुणाचे नाव सुभाष गुप्ते.

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईस झाला. अंगकाठी लहानखुरी, परंतु उजव्या मनगटात विलक्षण कसब होते. ते लेगस्पिन गोलंदाजी करीत. हा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांच्या बाजूला टप्पा घेऊन बाहेरच्या बाजूला वळतो. गुगली नावाचा चेंडू हातातून सुटताना अगदी तसाच दिसतो. मात्र टप्प्यानंतर उलट दिशेने आत शिरतो. दोहोंतील भेद ओळखता आला नाही, तर भलाभला फलंदाजही फसतो. ही विद्या साधण्यास कठीण. चेंडू उंचावून टाकावा लागतो आणि टप्पा तसूभर चुकला तरी तो सीमेपार जातो. म्हणून लेगस्पिन गोलंदाजाला कौशल्याइतकेच धैर्यही लागते. मार बसल्यावर पुढचा चेंडू पुन्हा तितक्याच निर्भयपणे उंचावून टाकणे, हेच ते धैर्य.

१९५३ साली भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. त्या वेळी त्रिनिदाद बेटावरील पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानात तागाच्या चटईवर सामने होत. तेथील पहिल्याच कसोटीत गुप्ते यांनी एका डावात सात बळी घेतले. पाच कसोटींत मिळून त्यांनी सत्तावीस फलंदाज बाद केले. विल्फ फर्ग्युसन या त्रिनिदादच्या लेगस्पिन गोलंदाजाच्या नावावरून त्यांना ‘फर्गी’ हे लाडके टोपणनाव मिळाले. ज्या बेटाशी पुढे त्यांचे सारे आयुष्य जोडले जायचे होते, त्या बेटाचा हा पहिला परिचय होय.

त्या काळी देशासाठी खेळणे हा मान होता; पण त्यावर प्रपंच चालत नसे. खेळ हाच ज्याला चरितार्थाचा मार्ग करावयाचा, त्याला लँकेशायर लीग हे आशास्थान वाटे. या लीगमध्ये एकेका गावाचा एकेक संघ असे. संघातील बाकीची मंडळी नोकरी-धंदा सांभाळून हौसेने खेळत. पगारी खेळाडू मात्र एकच ठेवण्याची मुभा असे. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ या काळात नेल्सन संघाचे असे खेळाडू होते, आणि त्यांच्या नऊ मोसमांत नेल्सनने सात वेळा विजेतेपद मिळविले. आपले विजय हजारे आणि विनू मंकड हेही तेथे खेळून आले.

गुप्ते यांनी रिश्टनची चाकरी पत्करली. शनिवार उजाडला की सारे गाव मैदानाकडे लोटे. पगारी खेळाडू अपयशी ठरला, तर त्याला गर्दीत लपता येत नसे. कारण सगळ्यांची दृष्टी त्याच्यावरच खिळलेली असे. त्याने विशेष पराक्रम केला, की प्रेक्षकांत पेटी फिरे आणि लोक तीत आपखुशीने नाणी टाकीत. परक्या मुलखात, गारठ्यात आणि पावसात दर आठवड्याला आपली लायकी पुन्हा सिद्ध करावयाची, अशी ती नोकरी होती.

मायदेशीही त्यांचा पराक्रम वाढत होता. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईस पाकिस्तानातील एका संघाविरुद्ध त्यांनी डावातील दहाही बळी घेतले. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरच्या कसोटीत वेस्ट इंडीजचा डाव २२२ धावांत संपला. त्यांतील नऊ फलंदाज एकट्या गुप्ते यांनी टिपले. त्यांत सोबर्स आणि कन्हाय यांच्यासारखे रथी-महारथी होते. उरला फक्त गिब्ज. त्याचाही झेल गुप्ते यांच्या चेंडूवर उडाला होता. परंतु यष्टिरक्षकाच्या हातून तो निसटला. कसोटीत एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय ठरले. तो सामना मात्र भारताने गमावला.

१९६१ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी एक खेदजनक घटना घडली. गुप्ते ज्या खोलीत उतरले होते, तेथून त्यांच्या सोबत्याने हॉटेलातील एका महिला कर्मचाऱ्यास दूरध्वनी केला. तिने त्याविषयी तक्रार नोंदविली. दूरध्वनी गुप्ते यांनी केला नव्हता. तथापि खोली दोघांची म्हणून शिक्षाही दोघांना झाली. वेस्ट इंडीजच्या आगामी दौऱ्यातून दोघेही वगळले गेले. गुप्ते तेव्हा अवघे बत्तीस वर्षांचे होते. ३६ कसोटींत १४९ बळी घेणारा हा गोलंदाज त्यानंतर भारताकडून कधीही कसोटी खेळला नाही.

ज्या बेटावर संघासोबत जाण्याची संधी हुकली, त्याच त्रिनिदादमध्ये गुप्ते यांनी पुढे घर केले. त्यांची पत्नी तेथलीच. १८४५ पासून उसाच्या मळ्यांत कामासाठी नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज त्या बेटावर मोठ्या संख्येने राहतात. तेथे गुप्ते त्रिनिदादच्या संघाकडूनही खेळले. आपण पाहिलेल्या लेगस्पिन गोलंदाजांत गुप्ते सर्वश्रेष्ठ, असे मत गॅरी सोबर्स यांनी पुढेही कायम ठेवले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायुडू पुरस्कार दिला, तो २००० साली. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले.

गुणी माणसाचा गौरव उशिरा का होईना, होतो. परंतु खेळाची गेलेली वर्षे पुरस्काराने परत येत नाहीत. यासाठीच शिक्षा ठरविणाऱ्याने अपराध कोणाचा, हे आधी नीट पारखून घ्यावे. सुटलेला झेल हा खेळाचाच भाग असतो. सुटलेला न्याय तसा नसतो.

शब्दार्थ : यादवी – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध, तसूभर – अगदी थोडे, चरितार्थ – उदरनिर्वाह, आपखुशीने – स्वतःच्या इच्छेने.

स्वाध्याय
१. लेगस्पिन गोलंदाजाला धैर्य का लागते?
२. लँकेशायर लीगमधील पगारी खेळाडूची जबाबदारी तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘सुटलेला झेल’ आणि ‘सुटलेला न्याय’ यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
४. वाक्यात उपयोग करा : दृष्टी खिळणे, घर करणे, पारखून घेणे.