न्युरेम्बर्गची पेन्सिल आणि वसईची घंटा

तुमच्या ड्रॉइंगच्या डब्यात एखादी स्टेडलरची पेन्सिल असेल तर ती काढून जरा नीट बघा. ही कंपनी १८३५ साली जर्मनीतल्या न्युरेम्बर्ग शहरात सुरू झाली. फेबर-कॅसलसुद्धा त्याच शहराला लागून असलेल्या श्टाईन गावची, १७६१ पासूनची. म्हणजे आपल्या सबमिशनची अर्धी जबाबदारी एकाच शहरावर आहे म्हणा ना!

या शहराची माहिती वाचायला घेतली तर चार खाती उघडतात. कलेच्या खात्यात चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर. विज्ञानात कोपर्निकसचं सूर्यकेंद्री सिद्धांताचं पुस्तक, ते १५४३ साली इथेच छापलं गेलं. इतिहासात १९४५-४६ चा नाझी नेत्यांवरचा खटला. व्यापारात पेन्सिली, खेळणी, आणि १८३५ साली फ्युर्थपर्यंत धावलेली जर्मनीतली पहिली वाफेच्या इंजिनाची रेल्वे.

आता हॉस्टेलवरच्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न, "वसई-विरारमध्ये आहे काय? लोकलची गर्दी आणि पाण्याचे टँकर!" मी इथलीच. म्हणून हीच चार खाती वसईसाठी उघडून दाखवते.

इतिहास

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या पुस्तकात 'ट्रीटी ऑफ बॅसीन' असं छापलेलं असायचं. बॅसीन म्हणजे आपली वसई. गंमत म्हणजे या नावाचे तह दोन आहेत. पहिला डिसेंबर १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूर शाह याने वसई पोर्तुगीजांना दिली आणि तिच्यासोबत मुंबईची सात बेटंही दिली. त्या काळात मोठी वसई होती, मुंबई तिच्या हाताखाली! पुढे दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ते जिंकलं. तोफांनी तट पडेना तेव्हा मराठ्यांनी सुरुंग लावून सॅन सेबॅस्टियन बुरूज उडवला. सिव्हिलवाल्यांनी तो बुरूज एकदा बघून यावा.

दुसरा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव वसईला आला आणि इंग्रजांची तैनाती फौज मान्य करून बसला. पुढच्याच वर्षी दुसरं इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं.

व्यापार

नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचं नाव येतं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला, तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. त्यात एका दगडी पेटीत डबीत डबी, तांब्याची, चांदीची, सोन्याची, अशा निघाल्या. सम्राटाने आपला लेख कोरायला हीच जागा का निवडली असेल? जिथे माणसांची ये-जा जास्त, तिथेच पाटी लावायची, हे सरळ गणित आहे.

पोर्तुगीज काळात वसईचा दगड गलबतांतून गोव्याला जायचा. ओल्ड गोव्याच्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागाला तो वापरलाय. नंतर रेल्वे आली. १८६४ साली खाडीवरून रूळ मुंबईत पोचले आणि १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. वसईची फुलं, केळी, भाजी त्याच रुळांवरून मुंबईच्या बाजारात जाऊ लागली.

कला

तुमच्यापैकी जे नाशिकचे आहेत त्यांनी नारोशंकराची घंटा पाहिलीच असेल. ती वसईची! चिमाजी अप्पांच्या विजयानंतर इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मारियामाता आजही दिसते. मटेरियल सायन्समध्ये आपण ब्राँझ शिकतो. घंटेसाठी साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील लागतं. कथील वाढलं की धातू कडक होतो, नाद लांबतो, पण ठिसूळपणाही येतो. म्हणजे वसईची कला बघायला फक्त किल्ल्यात जाऊन भागणार नाही, नाशिक-वाईलाही जावं लागेल.

विज्ञान

गार्सिया द ऑर्टा नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. त्याने इथल्या औषधी झाडांवर पुस्तक लिहिलं, दोन वैद्यांच्या गप्पा असतात तसं. ते १५६३ साली गोव्यात छापलं, आणि १५६७ साली त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पमधून निघाला. म्हणजे कोपर्निकसच्या पुस्तकानंतर वीस-पंचवीस वर्षांत आपल्या किनाऱ्यावरच्या झाडांची माहिती युरोपातले पंडित वाचत होते.

दोन शहरांमधला गेंडा

पण थांबा! ही दोन शहरं एका गेंड्याने जोडलेली आहेत. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह, म्हणजे आपल्या बहादूर शाहचा बाप. त्या वेळी वसई त्याच्याच राज्यात होती. त्याने १५१४ साली पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजात चढला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाचित्र न्युरेम्बर्गला पोचलं. त्यावरून, गेंडा स्वतः न पाहता, ड्यूररने त्याचं प्रसिद्ध चित्र केलं. पाठीवर एक जादा शिंग काढलं, अंगावर चिलखतासारखे पत्रे काढले. तरीसुद्धा पुढे कित्येक वर्षं युरोप गेंडा म्हणून हेच चित्र बघत राहिला.

यातून शिकायचं काय?

शहर मोठं होतं ते तिथून जाणाऱ्या वाटेमुळे. वसईची वाट पाण्याची होती. दगड पाण्यावरून गेला, तह करणारे पाण्यावरून आले, गेंडा आणि पुस्तकंही पाण्यावरूनच गेली. आणि वाट बुजली की शहर मागे पडतं. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली. आज तिथे उभं राहून कुणाला सांगितलं की इथे जहाजं लागायची, तर तो हसेल.

ते काम निसर्गाने शेकडो वर्षं घेऊन केलं. आपण मात्र डंपरने करतोय. भरतीला खाडीची पातळी वर असते, तेव्हा पावसाचं पाणी नाल्यातून बाहेर पडू शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते कुठेतरी थांबायला हवं. थांबायची जागा म्हणजे मिठागरं, पाणथळ जमीन, तिवरांच्या मागचा सखल भाग. तिथे भराव टाकला की पाणी रस्त्यावर थांबतं. २०१८ च्या जुलैमध्ये हेच पाहिलं आपण. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरातल्या वस्तीत माणसं अडकली.

आपल्यापैकी पुष्कळ जण दोन-चार वर्षांत याच पट्ट्यात साईटवर उभे असतील. लेव्हल कुठपर्यंत उचलायची, कल्व्हर्ट किती रुंद ठेवायचा, हे ड्रॉइंग आपल्या हातात येईल. पेन्सिल न्युरेम्बर्गची असली तरी रेघ आपली असणार आहे. ती मारण्याआधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढं विचारायची सवय आत्ताच लावून घेऊ या. सुरुवात या रविवारी करता येईल. सकाळी सोपाऱ्याचा स्तूप, दुपारी वसईचा किल्ला, आणि संध्याकाळी ओहोटीच्या वेळी खाडीच्या धक्क्यावर थोडा वेळ. वसईत काय आहे, हे तिथे आपोआप कळेल.